ठाण्यात राहून बेसबॉलचा अख्खा हंगाम कसा पाहावा

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल स्पर्धेतील प्रत्येक संघ मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत १६२ सामने खेळतो. आयपीएलमध्ये साखळी फेरीत प्रत्येक संघाच्या वाट्याला १४ सामने येतात. म्हणजे साध्या भागाकाराने पाहिले, तर आयपीएलचा एक सामना वजनाने बेसबॉलच्या जवळपास बारा सामन्यांएवढा भरतो. क्रिकेटवर वाढलेला आपल्याकडचा प्रेक्षक बेसबॉलकडे वळतो तेव्हा त्याची पहिली चूक इथेच होते. तो एप्रिलमधल्या पहिल्या पराभवाने खिन्न होतो, तिसऱ्या पराभवानंतर प्रशिक्षकाला नावे ठेवतो आणि मे महिना उजाडण्यापूर्वी नाद सोडून देतो. बेसबॉलचा हंगाम सणासारखा साजरा करता येत नाही; तो दुधाच्या रतीबासारखा रोज दारात येतो आणि तसाच घ्यावा लागतो. एखाद्या दिवशी दूध नासले म्हणून कोणी गवळी बदलत नाही.

हा रतीब ठाणे किंवा नवी मुंबईतील नोकरदार माणसाला झोप, लोकल आणि कचेरी सांभाळून कसा घेता येईल, एवढेच या लेखात सांगायचे आहे. खेळाचे नियम मुळापासून समजावण्याचा उद्देश नाही. ज्यांनी शाळेत सॉफ्टबॉल खेळला आहे त्यांना चार बेस, तीन स्ट्राइक आणि चार बॉल यांचा हिशोब ठाऊक असेलच. इतरांनी दोन-तीन सामने पाहिले की तो आपोआप कळतो.

संघ घड्याळ पाहून निवडावा

स्पर्धेत एकूण ३० संघ आहेत. अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग अशा दोन लीगमध्ये प्रत्येकी १५, आणि प्रत्येक लीगमध्ये पूर्व, मध्य व पश्चिम अशा तीन गटांत प्रत्येकी ५ अशी त्यांची विभागणी आहे. नवखा माणूस बहुधा टोपीवरचे चिन्ह पाहून न्यूयॉर्कचा संघ निवडतो. मीही तेच केले होते. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजून पस्तीस मिनिटांनी सुरू होतो, कारण उन्हाळ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतो. पहिल्या आठवड्यात मी उत्साहाने गजर लावला. तिसऱ्या आठवड्यात गजर वाजला की घरातले सगळे जागे होत आणि मी मात्र झोपलेला असे.

पश्चिम किनारा साडेबारा तास मागे असतो. त्यामुळे लॉस एंजेलिस, सॅन डिएगो किंवा सॅन फ्रान्सिस्को येथे संध्याकाळी पावणेसात ते सव्वासातच्या सुमारास सुरू होणारे सामने आपल्याकडे सकाळी सव्वासात ते पावणेआठच्या सुमारास सुरू होतात. नॅशनल लीगचा पश्चिम गट या दृष्टीने ठाणेकराला सर्वांत सोयीचा आहे, असे माझे मत आहे. या गटात लॉस एंजेलिस डॉजर्स, सॅन डिएगो पाद्रेस, सॅन फ्रान्सिस्को जायंट्स, ॲरिझोना डायमंडबॅक्स आणि कोलोरॅडो रॉकीज हे पाच संघ येतात. ॲरिझोनामध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत नसल्यामुळे हंगामभर तेथील वेळ कॅलिफोर्नियाशी जुळते, आणि कोलोरॅडोचे डेन्व्हर शहर केवळ एक तास पुढे आहे. म्हणजे आपला संघ गटातल्याच प्रतिस्पर्ध्याकडे खेळायला गेला तरी सामन्याची वेळ फारशी बिघडत नाही. अमेरिकन लीगच्या पश्चिम गटात मात्र टेक्सासमधले दोन संघ आहेत, आणि तेथील संध्याकाळचे सामने आपल्याकडे पहाटे पावणेसहाच्या आसपास सुरू होतात.

या पाचांपैकी कोणता संघ घ्यावा हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे. डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकली. शोहेई ओतानी त्यांच्याकडे आहे, आणि त्याने २०२४ मध्ये एकाच हंगामात ५४ होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) व ५९ बेसचोऱ्या (फटका न बसताच पळून पुढचा बेस गाठणे) असा कोणालाही पूर्वी न जमलेला पराक्रम केला. मी स्वतः सॅन डिएगो पाद्रेस हा संघ धरला. १९६९ पासून खेळणारा हा संघ १९८४ आणि १९९८ मध्ये वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला आणि दोन्ही वेळा हरला. २०२५ अखेर त्याच्या नावावर एकही जेतेपद नाही. जिंकण्याची सवय नसलेल्या संघाबरोबर १६२ सामने काढले की खेळ अधिक समजतो, असा माझा अनुभव आहे. अर्थात माझ्या आईला हे पटत नाही, “हरणारेच का घेतलेस?” असे ती दर मे महिन्यात विचारते.

आठवड्याची घडी

संघ निवडला की वेळापत्रक भारतीय वेळेत उतरवून घ्यावे, आणि तारखेकडे विशेष लक्ष द्यावे. अमेरिकेतला मंगळवार संध्याकाळचा सामना आपल्याकडे बुधवारी सकाळी येतो. तेथे संघांना विश्रांती बहुधा सोमवारी किंवा गुरुवारी मिळते, म्हणून आपली मंगळवारची किंवा शुक्रवारची सकाळ रिकामी जाते. सामने तीन किंवा चारच्या मालिकांमध्ये खेळले जातात आणि आठवड्याला साधारण सहा सामने होतात. हे सगळे सामने पाहण्याचा प्रयत्न करू नये. तो कोणी करत नाही. अमेरिकेतले प्रेक्षकही करत नाहीत.

माझी घडी अशी बसली आहे. घरच्या मैदानावरचे संध्याकाळचे सामने, म्हणजे आपले सकाळचे सामने, चहाबरोबर सुरू होतात, आणि स्टेशनकडे निघाल्यावर कानात केवळ समालोचन ठेवले जाते. ठाण्याहून वाशीपर्यंत ट्रान्स-हार्बर मार्गावर सुमारे अर्धा तास लागतो. एवढ्या वेळात दीड ते दोन इनिंग होतात (दोन्ही संघांची फलंदाजीची एकेक पाळी मिळून एक इनिंग). गर्दीत मोबाइलच्या पडद्याकडे पाहण्यापेक्षा ऐकणे सोयीचे, आणि बेसबॉल हा ऐकण्याचा खेळ म्हणून क्रिकेटपेक्षा कुठेच कमी नाही, कारण दोन चेंडूंच्या मधल्या वेळात समालोचकाला परिस्थिती पुन्हा सांगण्याची सवड असते. लीगच्या अधिकृत ॲपवर चेंडूगणिक लेखी वृत्तांतही मिळतो. कचेरीत पोहोचल्यावर शेवटच्या इनिंगपुरता तो पुरतो. संपूर्ण चित्रण पाहायचे असेल तर लीगची एमएलबी टीव्ही ही सशुल्क सेवा आहे. अमेरिकेत या सेवेवर आपल्याच शहराच्या संघाचे थेट सामने रोखले जाण्याची कटकट पूर्वापार आहे. भारतातील प्रेक्षकाला ती सहसा भोगावी लागत नाही.

संघ पूर्वेकडच्या दौऱ्यावर गेला की पहाटेचे गजर लावण्याच्या मोहात पडू नये. त्या आठवड्यात रात्री जेवणानंतर सामन्याची दहा-बारा मिनिटांची संक्षिप्त आवृत्ती पाहावी. ती लीग स्वतःच उपलब्ध करून देते. याला एक सुखद अपवाद आहे. मालिकेचा शेवटचा सामना, विशेषतः बुधवारी किंवा गुरुवारी, संघाला पुढच्या गावी निघायचे असल्याने पुष्कळदा दुपारी खेळला जातो. पूर्व किनाऱ्यावरची दुपारची एक वाजून दहा मिनिटे म्हणजे आपली रात्रीची दहा वाजून चाळीस मिनिटे. रविवारीही पूर्वेकडे बहुतेक सामने दुपारीच असतात. रविवारी रात्री उशिरापर्यंत जागायची तयारी असेल तर त्या सामन्याला तोड नाही. पश्चिमेकडचे रविवार दुपारचे सामने मात्र आपल्याकडे सोमवारच्या मध्यरात्रीनंतर दीड-दोनला येतात, त्यांच्यावर सरळ पाणी सोडावे.

सामना किती वेळ चालेल याचा अंदाज आता करता येतो. २०२२ पर्यंत नऊ इनिंगच्या सामन्याला सरासरी तीन तासांहून अधिक वेळ लागत असे. २०२३ मध्ये पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासाठी, घड्याळ आले, आणि ही सरासरी सुमारे दोन तास चाळीस मिनिटांवर आली. बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत आणि बेसवर धावपटू असेल तर, २०२४ पासून, १८ सेकंदांत पिचरला चेंडू टाकण्यास सुरुवात करावी लागते. सव्वासातला सुरू झालेला सामना दहाच्या आत संपतो, हे नोकरदाराच्या दृष्टीने छोटे उपकार नव्हेत.

आज पिचर कोण?

क्रिकेटमध्ये आपण नाणेफेक आणि खेळपट्टी विचारतो. बेसबॉलमध्ये आज सुरुवातीचा पिचर कोण, एवढा एकच प्रश्न सामन्यापूर्वी विचारावा. प्रत्येक संघाकडे साधारण पाच सुरुवातीचे पिचर असतात आणि ते पाळीपाळीने, मध्ये चार किंवा पाच दिवसांची विश्रांती घेऊन खेळतात. त्यामुळे एकच संघ दर पाच दिवसांत पाच वेगवेगळ्या रूपांत मैदानात उतरतो असे म्हटले तरी चालेल. पुढच्या दोन-तीन दिवसांचे संभाव्य पिचर आधीच जाहीर होतात. ज्याला आठवड्यात दोनच सामने पाहण्याची सवड आहे, त्याने विरोधी संघाचे नाव न पाहता पिचरचे नाव पाहून ते दोन निवडावेत. एप्रिल आणि मे हे दोन महिने या पाच माणसांची ओळख करून घेण्यासाठीच खर्च करावेत: कोणाचा चेंडू वेगवान, कोणाचा शेवटच्या क्षणी खाली पडणारा, कोण पाचव्या इनिंगनंतर थकतो.

सक्रिय संघात २६ खेळाडू असतात आणि त्यांपैकी पिचर जास्तीत जास्त १३ ठेवता येतात. सप्टेंबरमध्ये संघातील खेळाडूंची संख्या २८ होते. जखमी खेळाडूला यादीबाहेर ठेवण्याची किमान मुदत पिचरसाठी १५ दिवस आणि इतरांसाठी १० दिवस असते. त्याच्या जागी खालच्या, म्हणजे मायनर लीगच्या संघातून कोणीतरी येतो. या ये-जा करणाऱ्या नावांनी गोंधळून जाऊ नये. जूनपर्यंत त्यांतली कायमची कोणती हे कळू लागते.

रोजकीर्द आणि खतावणी

हंगाम लक्षात राहण्यासाठी मला वहीइतके उपयोगी दुसरे काही सापडले नाही. शाळकरी मुलांची गणिताची चौकटींची वही घ्यावी. डाव्या पानावर सामन्याची नोंद करावी: उभ्या ओळीत नऊ फलंदाज, आडव्या ओळीत नऊ इनिंग, आणि प्रत्येक चौकटीत त्या फलंदाजाचे काय झाले ते. बेसबॉलमध्ये प्रत्येक क्षेत्ररक्षकाला क्रमांक असतो: पिचर १, कॅचर (यष्टिरक्षकासारखा) २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, आणि मागच्या मैदानात डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. हे क्रमांक जर्सीवरचे नव्हेत. ते जागेचे आहेत. एवढे पाठ झाले की ६-४-३ असे तीन आकडे लिहून अख्खी घटना नोंदता येते: शॉर्टस्टॉपने चेंडू अडवला, दुसऱ्या बेसवर दिला, तेथून तो पहिल्या बेसवर गेला आणि एका फटक्यावर दोघे बाद झाले. तीन स्ट्राइकवर बाद होणाऱ्यासाठी इंग्रजी के हे अक्षर लिहितात, आणि फलंदाज बॅट न हलवता नुसता पाहत उभा राहिला असेल तर तेच अक्षर उलटे काढतात. बाकी खुणा आपल्या आपण ठरवाव्यात. मी झेलासाठी ‘झे’ लिहितो. ‘झे ८’ म्हणजे मधल्या मागच्या क्षेत्ररक्षकाने टिपलेला झेल. लोकलमध्ये उभ्याने हे जमत नाही, हे मान्य; सुटीच्या दिवशी एखाद्या सामन्याची अशी नोंद केली तरी पुरे.

उजवे पान खतावणीचे. प्रत्येक सामन्याला एकच ओळ द्यावी: भारतीय तारीख, विरोधी संघ, घरी की बाहेर, धावसंख्या, आपला सुरुवातीचा पिचर, आतापर्यंतचे विजय-पराजय, आणि चार शब्दांचा शेरा. शेरा टाळू नये. “सातव्यात वॉक देऊन घालवला” (वॉक म्हणजे चार बॉल पडल्याने फलंदाजाला फुकट मिळालेला पहिला बेस) या शेऱ्यामुळे सप्टेंबरमध्येही मेमधला तो सामना डोळ्यांसमोर उभा राहतो. नुसत्या ३-४ या आकड्यांनी राहत नाही.

गुणतक्ता वाचण्याची रीत

मे अखेरपर्यंत गुणतक्त्याकडे ढुंकूनही पाहू नये, असा माझा आग्रह आहे आणि त्याला आधारही आहे. २०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स पहिल्या ५० सामन्यांत १९ जिंकले आणि ३१ हरले. तोच संघ ९३ विजयांपर्यंत पोहोचला आणि त्याने वर्ल्ड सिरीज जिंकली. दुसरीकडे २००१ मध्ये सिॲटल मरिनर्सनी ११६ विजय मिळवून १९०६ मधल्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी केली, आणि तरीही ते वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचले नाहीत. त्या विक्रमी हंगामातही त्यांना ४६ पराभव पचवावे लागले. दुसऱ्या टोकाला, २०२४ मध्ये आधुनिक काळातील सर्वाधिक १२१ सामने हरलेल्या शिकागो व्हाइट सॉक्सनेही ४१ सामने जिंकले. हे दोन टोकांचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. पराभवाच्या सकाळी ते औषधासारखे उपयोगी पडतात.

तक्त्यात विजय आणि पराजयानंतर ‘गेम्स बिहाइंड’ असा एक रकाना असतो. पहिल्या क्रमांकाच्या संघापेक्षा आपण किती सामन्यांनी मागे आहोत हे तो सांगतो. दोघांच्या विजयांतला फरक आणि पराजयांतला फरक यांची बेरीज करून तिचे निम्मे करावे. अग्रस्थानी असलेला संघ ६०-४० आणि आपला ५५-४४ असेल, तर ५ अधिक ४ म्हणजे ९, आणि निम्मे साडेचार. ऑगस्टमध्ये साडेचार हे अंतर भरून निघण्याजोगे असते. सप्टेंबरच्या मध्यावर ते डोंगराएवढे होते.

त्याहून बोलका रकाना धावांच्या फरकाचा. काढलेल्या धावांचा वर्ग, भागिले काढलेल्या धावांचा वर्ग अधिक दिलेल्या धावांचा वर्ग, असे बिल जेम्स या अभ्यासकाने मांडलेले एक सूत्र आहे, आणि त्यावरून संघाने किती टक्के सामने जिंकायला हवे होते याचा अंदाज येतो. २००१ च्या सिॲटलने ९२७ धावा काढल्या आणि ६२७ दिल्या. या सूत्राने त्यांचे विजय १११ च्या आसपास येतात. म्हणजे ११६ मधले चार-पाच विजय नशिबाचे म्हणावेत. आपला संघ एका-एका धावेने सामने जिंकत असेल आणि धावांचा फरक मात्र शून्याजवळ घुटमळत असेल, तर पेढे वाटण्याची घाई करू नये.

जुलै ते सप्टेंबर

जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार सामन्यासाठी काही दिवसांची सुटी असते. येऊरच्या डोंगरावर ढग उतरलेले असतात, बाहेर संततधार लागलेली असते, आणि नेमका तेव्हाच रतीब बंद पडतो. मला वर्षातले हे सर्वांत कंटाळवाणे चार दिवस वाटतात. खतावणी मागून पुढे वाचून काढण्यास ते बरे.

त्यानंतर, जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या आरंभी, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. या काळात संघांची उघडउघड फाळणी होते: ज्यांना ऑक्टोबर गाठण्याची आशा असते ते तयार खेळाडू घेतात, आणि ज्यांची आशा मावळलेली असते ते आपले चांगले खेळाडू देऊन होतकरू मुले घेतात. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यालाही हंगामाच्या ऐन मध्यावर आपला आवडता खेळाडू दुसऱ्या गणवेशात दिसला की धक्का बसतो.

सप्टेंबरमध्ये ‘मॅजिक नंबर’ काढायला शिकावे. १६३ मधून अग्रस्थानी असलेल्या संघाचे विजय आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघाचे पराजय वजा करावेत. पहिल्याचे ९२ विजय आणि दुसऱ्याचे ६६ पराजय असतील, तर ५ उरतात. म्हणजे पहिल्याचे विजय आणि दुसऱ्याचे पराजय मिळून आणखी पाच झाले की गट जिंकला. २०२२ पासून बरोबरी झाल्यास जादा सामना खेळवला जात नाही, आधी आपसातल्या सामन्यांचा हिशोब पाहतात. गटातल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी १३ सामने होतात, त्यामुळे त्या सामन्यांना खतावणीत वेगळ्या शाईने खूण करावी.

ऑक्टोबरच्या पहाटा

अंतिम टप्प्यात दोन्ही लीगमधून प्रत्येकी सहा, असे १२ संघ जातात: तीन गटविजेते आणि उरलेल्यांतले उत्तम तीन. पहिली फेरी तीन सामन्यांची, दुसरी पाचची, आणि नंतरच्या दोन सातची. प्रत्येक लीगमधल्या सर्वोत्तम दोन गटविजेत्यांना पहिली फेरी खेळावी लागत नाही. इथे रतीबाचा नियम संपतो आणि क्रिकेटचा प्रेक्षक पुन्हा आपल्या घरी येतो, कारण आता प्रत्येक सामना जिवावरचा असतो.

वर्ल्ड सिरीजचे सामने पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार रात्री आठच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला, मग मैदान कोणत्याही किनाऱ्यावरचे असो. या आठवड्यासाठी एखादी रजा राखून ठेवावी. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना १८ इनिंग चालला. आपल्याकडे पहाटे साडेपाचनंतर सुरू झालेला तो सामना दुपारी बारा वाजून गेल्यावर संपला, आणि सकाळी निघणाऱ्या कोणाही नोकरदाराने तो घर, गाडी आणि कचेरी अशा तीन ठिकाणी पाहिला असणार. सातवा सामना रविवारी, २ नोव्हेंबरला, भारतीय पहाटे सुरू झाला. टोरंटोमध्ये डॉजर्सनी तो ११ इनिंगमध्ये ५-४ असा जिंकला तेव्हा आपल्याकडे पावणेदहाच्या सुमारास वेळ झाली होती. त्याच दिवशी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. पावसामुळे तो दोन तास उशिरा, संध्याकाळी पाचला सुरू झाला आणि भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले. मी सकाळच्या सामन्याची शेवटची ओळ खतावणीत लिहून, दुपारी दोन तास झोप काढून, संध्याकाळी पुन्हा टीव्हीसमोर बसलो होतो. त्या पानावर बेसबॉलच्या ओळीखाली क्रिकेटची एक ओळ आहे, आणि त्या वहीत तशी ती एकच आहे.